लखीसरायचं पत्र

हावड्याहून दिल्लीकडे जाणारी गाडी किऊल नदीचा पूल ओलांडून लगेच लखीसराय स्टेशनात शिरते. 6 नोव्हेंबर 1968 रोजी या स्टेशनवर पोलिसांनी लोकसभेच्या एका सदस्याला आणि त्यांच्यासोबतच्या कार्यकर्त्यांना पकडलं. कशासाठी पकडता, या प्रश्नाला त्यांना इतकंच उत्तर मिळालं की, अटक जामीन मिळण्याजोग्या कलमांखाली आहे. कलमं कोणती, गुन्हा कोणता, हे काही कोणी सांगितलं नाही. आपल्याकडे अशा अटका रोज होतात. माणूस गप्प बसतो, नातेवाईक वकील शोधतात, आणि कधीतरी सुटका झाली की ‘सुटलो बुवा’ म्हणत सगळे घरी जातात.

हे खासदार गप्प बसले नाहीत. दुसऱ्याच दिवशी त्यांनी थेट सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिलं. आम्हाला पकडलं आहे, पण कारण सांगितलेलं नाही. राज्यघटनेच्या बाविसाव्या कलमाने अटक झालेल्याला कारण कळण्याचा हक्क दिला आहे, तो आमचा मोडला आहे. मागणी एवढीच होती. न्यायालयाने त्या पत्राला याचिका मानलं, बंदिवानांना दिल्लीत आपल्यापुढे हजर करायला लावलं आणि डिसेंबरात त्यांची सुटका केली. अटकेचं कारण सांगायचं राहून गेलं असेल तर दंडाधिकाऱ्याने नंतर दिलेल्या कोठडीच्या आदेशाने तो दोष धुऊन निघत नाही, असं त्या निकालात स्पष्ट म्हटलं आहे. साध्या पत्रावरून न्यायालयाने गरिबांच्या तक्रारी ऐकायला सुरुवात केली ती 1980 च्या सुमारास. हे पत्र त्याच्या बारा वर्षं आधीचं.

पत्र लिहिणारे होते मधु लिमये. ना त्यांच्याकडे कायद्याची पदवी होती, ना अंगावर कधी वकिलाचा काळा कोट चढला होता. मुंगेरच्या मतदारांनी निवडून दिलेला हा पुण्याचा माणूस होता, आणि नियमांवर त्याचा असा विश्वास होता, जसा एखाद्या वारकऱ्याचा वाटेवर असतो.

लिमयांचा जन्म 1 मे 1922 चा, पुण्यातला. 1937 मध्ये ते फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. त्या काळचं पुणं एखाद्या हुशार मुलाला दोन-तीन वाटांनी ओढत असे. लिमये ज्या समाजवादी वाटेने गेले त्या वाटेवर एस. एम. जोशी आणि नानासाहेब गोरे पुढे चालत होते. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानला परस्पर ओढल्याच्या विरोधात भाषणं केल्याबद्दल ऑक्टोबर 1940 मध्ये त्यांना पहिली शिक्षा झाली. तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. वर्षभर धुळ्याचा तुरुंग झाला. 1942 च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला ते हजर होते, आणि नेत्यांची धरपकड होताच भूमिगत झाले. सप्टेंबर 1943 मध्ये एस. एम. यांच्यासोबत पकडले गेले ते वरळी, येरवडा, विसापूर अशा तुरुंगांमधून जुलै 1945 मध्ये बाहेर आले. ज्या वयात माणूस पदवी, नोकरी, लग्न या क्रमाने पुढे सरकतो, ते वय त्यांनी कोठडीत वाचत घालवलं. पुढे संसदेत त्यांच्या हातातल्या कागदांचं सगळ्यांना नवल वाटे, पण ही सवय खूप जुनी होती. तुरुंगात दुसरं करण्यासारखं काही नसतं, आणि ज्याला वाचनाची भूक आहे त्याला तेवढं पुरतं.

मग गोवा.

1955 साली पुण्यात केसरीवाड्यातून गोवा विमोचन सहायक समितीचं काम चालत होतं. मे महिन्यात नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांच्या तुकडीने सरहद्द ओलांडली. जुलैअखेर लिमये तुकडी घेऊन गेले. नि:शस्त्र माणसं हातात तिरंगा घेऊन चालत आत जायची आणि पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या पोलिसांनी त्यांना झोडपून काढायचं, असा तो मामला होता. लिमयांना इतकं मारलं की ते गेले, अशी बातमी पसरली. घरी पत्नी चंपाताई होत्या, लहान मुलगा होता. 1952 मध्ये लग्न झालेलं. पुढे लष्करी न्यायाधिकरणाने त्यांना बारा वर्षांची शिक्षा सुनावली. प्रत्यक्षात एकोणीस महिन्यांहून अधिक काळ ते पोर्तुगीजांच्या कैदेत राहिले आणि 1957 च्या आरंभी इतरांबरोबर सुटले.

त्या कैदेत त्यांनी रोजनिशी लिहिली. ती पुस्तकरूपाने आली 1996 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. चाळीस वर्षं ती तशीच पडून होती. एखाद्या राजकारण्याने पोर्तुगीजांच्या तुरुंगातले आपले दिवस मतांसाठी कितीदा तरी वापरले असते. लिमयांनी ती वही छापायचीही घाई केली नाही.

त्या कैदेत गोव्यासाठी आलेली सगळ्या रंगांची माणसं एकत्र होती: समाजवादी नानासाहेब गोरे, बंगालचे क्रांतिकारी समाजवादी खासदार त्रिदिब चौधुरी, जनसंघाचे जगन्नाथराव जोशी. एकाच साम्राज्याचे कैदी. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पंचवीसेक वर्षांनी जनसंघाच्या माणसांशी झालेल्या एका वादावरून लिमयांच्या नावावर मोठा ठपका ठेवला जाणार होता.

आणखी एक दु:खाची गोष्ट गोव्याच्या आदल्या वर्षाची. 1954 च्या ऑगस्टमध्ये त्रावणकोर-कोचीनमध्ये लिमयांच्या प्रजासमाजवादी पक्षाच्याच सरकारने लोकांवर गोळीबार केला. आपल्या सरकारने गोळ्या झाडल्या तर आपणच राजीनामा द्यावा, असं पक्षातल्याच राममनोहर लोहियांचं म्हणणं होतं. पक्षनेतृत्वाला ते पटलं नाही. लिमयांनी पक्षातल्या ज्येष्ठांवर उघड टीका केली, मुंबईच्या शाखेने त्यांना निलंबित केलं, आणि त्या ठिणगीतून पक्ष दुभंगला. 1955 च्या अखेरीस हैदराबादला लोहियांचा नवा समाजवादी पक्ष उभा राहिला, तेव्हा ज्यांच्यावरून हे सगळं पेटलं ते लिमये गोव्याच्या कोठडीत होते. समाजवाद्यांच्या फाटाफुटीची चेष्टा करणं सोपं आहे, आणि ती पुष्कळांनी केली आहे. पण या फुटीच्या मुळाशी जो प्रश्न होता तो आजही कुठल्या सत्ताधारी पक्षाला झेपलेला नाही.

1964 साली बिहारमधल्या मुंगेरची पोटनिवडणूक लागली आणि लिमये लोकसभेत पोचले. मुंगेर म्हणजे गंगेच्या काठचा जुना किल्ला, बंदुका घडवणाऱ्या कारागिरांचं गाव. जवळच जमालपूरला 1862 सालापासूनचा रेल्वेचा कारखाना. तिथे मराठी मतं नव्हती, पुण्याच्या चित्पावनाला ओळखणारं कोणी असण्याचं कारण नव्हतं. तरीही लोकांनी त्यांना निवडलं, 1967 मध्ये पुन्हा निवडलं. 1971 च्या इंदिरा लाटेत ते पडले, तेव्हा 1973 मध्ये शेजारच्या बांक्याने पोटनिवडणुकीत त्यांना दिल्लीला पाठवलं, आणि 1977 मध्ये पुन्हा पाठवलं. बिहारच्या मतदाराचा हा मोठेपणा मराठी वाचकाने मनापासून मान्य करायला हवा. सिंधमध्ये जन्मलेल्या आचार्य कृपलानींना त्याने 1957 मध्ये सीतामढीतून निवडलं. मंगळुरूच्या जॉर्ज फर्नांडिसना 1977 मध्ये, ते तुरुंगात असताना, मुजफ्फरपूरमधून निवडलं. ‘हा आपल्या जातीचा का’ हा प्रश्न जिथे पहिला विचारला जातो असं बाहेरचे लोक समजतात, तिथे हेही घडत होतं.

लिमयांकडे त्या मतदाराला देण्यासारखं काय होतं? पैसा नव्हता. होती ती लोहियांच्या संयुक्त समाजवादी पक्षाची एक मागणी: मागासांना, दलितांना, आदिवासींना, स्त्रियांना शंभरात साठ जागा. ही मागणी पुण्यातल्या ब्राह्मणाने गंगेकाठच्या गावागावांत हिंदीतून मांडायची, आणि ऐकणाऱ्यांना ती त्याच्या तोंडी खोटी वाटायची नाही, यात त्याच्या राहणीचा वाटा होता. तिथे ते ‘मधुजी’ झाले. मतदारसंघात पायी, जीपने, पॅसेंजर गाडीने हिंडणारे मधुजी. लखीसरायच्या फलाटावर पोलिसांनी त्यांना गाठलं ते याच फिरतीत.

लोकसभेत ते गेले तेव्हा काँग्रेसचं प्रचंड बहुमत होतं. विरोधी पक्षाला मतांनी काही जिंकता येणं शक्य नव्हतं. अशा सभागृहात थोड्या लोकांनी करायचं काय? आरडाओरडा करता येतो, सभात्याग करता येतो, आणि ते दोन्ही त्यांच्या पक्षाने पुष्कळ केलं. लिमयांनी वेगळी गोष्ट शोधली. त्यांनी नियमांचं पुस्तक उघडलं.

संसदेबाहेरच्या माणसाला ते पुस्तक रुक्ष वाटेल. अकरा ते बारा प्रश्नोत्तरांचा तास. तारांकित प्रश्नाला मंत्र्याने उभं राहून तोंडी उत्तर द्यायचं, आणि मग उपप्रश्न येतात. खरी परीक्षा तिथे असते, कारण छापील उत्तर खात्यातल्या अधिकाऱ्याने लिहिलेलं असतं, पण उपप्रश्न मंत्र्याला स्वत:च्या डोक्याने झेलावा लागतो. उत्तर अपुरं वाटलं तर अर्धा तास चर्चेची नोटीस देता येते. तातडीच्या बाबीसाठी लक्षवेधी सूचना आहे. सरकारला खरोखर धरायचं असेल तर स्थगन प्रस्ताव. मंत्र्याने सभागृहाला चुकीची माहिती दिली तर हक्कभंग. आणि कामकाज नियमाला सोडून चाललं असेल तर कोणाही सदस्याला, अगदी शेवटच्या बाकावरच्यालाही, हरकतीचा मुद्दा मांडून सगळं सभागृह थांबवता येतं. पंतप्रधान बोलत असले तरी थांबवता येतं. एकट्या माणसाच्या हातात एवढी ताकद लोकशाहीत दुसरीकडे क्वचितच सापडेल.

लिमये ही ताकद अभ्यासाने वापरत. राज्यघटनेच्या 105 व्या कलमात खासदारांचे विशेषाधिकार तेव्हा ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सच्या मापाने ठरवलेले होते. म्हणजे दिल्लीत हक्कभंगावर भांडायचं तर लंडनच्या परंपरा माहीत हव्यात, आणि त्यासाठी 1844 पासून नव्या नव्या आवृत्त्या निघत आलेला अर्स्किन मे यांचा ग्रंथ वाचायला हवा. लिमये तो वाचत. संसदेचं ग्रंथालय हीच त्यांची तालीम होती. इंग्रजीला हटवा म्हणणाऱ्या पक्षाचा हा माणूस इंग्रजी ग्रंथांच्या तळाशी जाऊन तिथलं सगळं हिंदीत सभागृहापुढे ठेवत असे. ते उभे राहिले की मंत्री फायली चाळू लागत, आणि पीठासीन अधिकारी सचिवालयाच्या टेबलाकडे बघत, असं त्या काळचे पत्रकार सांगत आले आहेत. तसं घडणं साहजिकच होतं. समोरच्याकडे पुस्तक आहे आणि त्याने ते खरोखर वाचलेलं आहे, हे कळलं की खोटं बोलण्याचं धाडस आपोआप कमी होतं.

त्यांच्या भोवतालची माणसंही मोठी होती. राजापूरचे बॅरिस्टर नाथ पै शब्दांनी सभागृह भारून टाकत. 1967 मध्ये पुण्यातून एस. एम. आले, दक्षिण मुंबईत काँग्रेसच्या स. का. पाटलांना हरवून जॉर्ज आले. लोहिया तर होतेच. पण त्याच वर्षी 12 ऑक्टोबरला ते गेले. नाथ पैंचं भाषण ऐकून माणूस घरी जाऊन चार जणांना सांगे. लिमयांचा मुद्दा असा घरी नेता येत नसे. तो सरकारी कागदात रुतून बसे आणि पुढचे कित्येक दिवस एखाद्या खात्याची झोप घालवी. वक्तृत्वाला आपण महाराष्ट्रात फार मान देतो. या दुसऱ्या कलेला आपल्याकडे नावसुद्धा नाही, आणि लिमयांची आठवण मराठीत नाथ पैंइतकी जागी राहिली नाही, याचं एक कारण तेही असेल.

नियम नेहमी त्यांच्या बाजूने लागले असंही नाही. 144 कलमाच्या जमावबंदीला आणि शांतता राखण्याच्या हमीपत्रांना त्यांनी घटनेच्या आधारे आव्हान दिलं. ही हत्यारं इंग्रजांनी चळवळी दडपायला घडवली होती; स्वातंत्र्यानंतर तीच समाजवाद्यांवर, कामगारांवर, शेतमजुरांवर चालत होती. सात न्यायाधीशांच्या पीठाने ऑक्टोबर 1970 मध्ये निकाल दिला: ही कलमं घटनेला धरूनच आहेत. मुख्य दावा लिमये हरले. पण त्याच निकालात एक गोष्ट पदरात पडली. चौकशीला हात न घालता दंडाधिकाऱ्याला कोणाकडून तात्पुरतं हमीपत्र मागता येणार नाही, आणि ते दिलं नाही म्हणून आत टाकता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. मुंगेरच्या उपविभागीय दंडाधिकाऱ्याविरुद्धचा हा खटला त्यांनी हरून थोडा जिंकला. संसदीय राजकारणात यश बहुधा एवढ्याच मापाने मिळतं, आणि लिमयांना ते मिळवण्याचा कंटाळा नव्हता.

25 जून 1975 च्या रात्री आणीबाणी आली. जुलैमध्ये लिमये ‘मिसा’ या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली पकडले गेले आणि मध्य प्रदेशच्या तुरुंगांत त्यांची रवानगी झाली. त्याच महिन्यात लोकसभेचं अधिवेशन भरलं. त्यात प्रश्नोत्तरांचा तास स्थगित करण्यात आला. लक्षवेधी नाही, खासगी सदस्यांचं कामकाज नाही. सरकारचं तेवढं काम चालायचं. ज्या पुस्तकावर लिमयांनी आपलं सगळं आयुष्य लावलं होतं त्याची पानं सभागृहाने स्वत:च्या हाताने मिटवली होती. पुढे 28 एप्रिल 1976 रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मतांनी ठरवलं की, आणीबाणीत स्थानबद्धाला आपली अटक बेकायदा आहे असं म्हणत न्यायालयात दाद मागता येणार नाही. न्या. हंसराज खन्ना तेवढे वेगळे राहिले. साडेसात वर्षांपूर्वी याच न्यायालयाने लखीसरायहून आलेलं पत्र उघडून वाचलं होतं. आता तसं पत्र लिहून उपयोग नव्हता. हा निकाल चुकीचा होता हे न्यायालयाने औपचारिकपणे मान्य करायला 2017 साल उजाडलं.

या अंधारात लिमयांनी जे केलं ते त्यांच्या सगळ्या कारकिर्दीचं सार आहे, असं वाटतं. पाचव्या लोकसभेची पाच वर्षं मार्च 1976 मध्ये संपत होती. आणीबाणीच्या तरतुदीचा आधार घेऊन सरकारने ती मुदत एका वर्षाने वाढवली. कायद्याच्या अक्षरात ते बसत होतं. तुरुंगातल्या विरोधी खासदारांपैकी बहुतेकांनी सदस्यत्व ठेवलं, आणि त्यांच्याकडे त्याची सबळ कारणं असतील. लिमयांनी राजीनामा पाठवला. मतदारांनी ही लोकसभा पाच वर्षांसाठी निवडली होती, त्यांना न विचारता सहावं वर्ष मी घेणार नाही, ही त्यांची भूमिका. सोबत राजीनामा दिला तो जबलपूरहून पोटनिवडणुकीत निवडून आलेल्या तरुण शरद यादवांनी.

सभागृहावर एवढं प्रेम करणारा, त्याच्या नियमांतली अक्षरं जपणारा माणूस ते सभागृह सोडून जातो, तेही कैदेत असताना, जेव्हा खासदारकी हा त्याच्याजवळचा एकमेव आधार असतो. नियम कशासाठी आहेत हे ज्याला माहीत असतं, त्यालाच ते कुठे पोकळ झाले हेही दिसतं. लिमयांच्या राजीनाम्याने एकाही स्थानबद्धाची सुटका झाली नाही, सरकार हललं नाही, वर्तमानपत्रांवर नियंत्रण असल्याने बाहेर फारसं कोणाला कळलंही नाही. तरी त्यांनी तो दिला.

फेब्रुवारी 1977 मध्ये ते सुटले, बांक्यातून निवडून आले, जनता पक्षाचं सरकार आलं. मंत्रिपद पुढे आलं ते त्यांनी नाकारलं आणि पक्षाचं सरचिटणीसपद घेतलं. यापुढचं वर्णन करणं त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यालाही अवघड जातं. जनता पक्षात विलीन झालेल्या जनसंघाच्या सदस्यांनी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशीही नातं ठेवावं का, हा ‘दुहेरी सदस्यत्वा’चा वाद पेटला आणि त्याच्या अग्रभागी लिमये होते. प्रश्न तत्त्वाचा होता, त्यांनी तो मनापासून मांडला, आणि गोव्यातल्या कैदेची आठवण त्यांना त्यापासून अडवू शकली नाही. पण त्या वादाला चरणसिंग, राजनारायण आणि इतरांच्या महत्त्वाकांक्षांची जोड मिळाली. 15 जुलै 1979 ला पंतप्रधान मोरारजी देसाईंनी राजीनामा दिला. चरणसिंगांचं सरकार आलं ते काँग्रेसच्या टेकूवर. टेकू निघाला आणि लोकसभेला एकदाही सामोरं न जाता त्या सरकारने ऑगस्टमध्ये राजीनामा दिला. संसदेला सर्वस्व मानणाऱ्या लिमयांचा हात अशा सरकारच्या उभारणीला लागावा, हे मनाला फार लागतं. ज्या लोकांनी आणीबाणीनंतर विश्वासाने मत दिलं होतं त्यांनी जानेवारी 1980 मध्ये इंदिरा गांधींना परत आणलं. बांक्यातून लिमये पडले. जनता पक्ष फोडल्याचा दोष एकट्या त्यांच्यावर टाकणं अन्यायाचं आहे. पण तत्त्वाची घाई आणि सत्तेची घाई एकाच गाडीत बसली तेव्हा ती गाडी कुठे जाईल, हे त्यांच्यासारख्या जाणत्याने ओळखायला हवं होतं.

त्यांनी स्वत: या काळाकडे डोळेझाक केली नाही. 1982 मध्ये सक्रिय राजकारण सोडल्यावर जनता पक्षाच्या प्रयोगावर त्यांनी दोन खंड लिहिले. गांधी आणि नेहरूंच्या नात्यावर चार खंड लिहिले. आंबेडकरांच्या विचारांवर, मंत्रिमंडळ पद्धतीवर, काँग्रेसविरोधाच्या राजकारणाच्या जन्मावर लिहिलं. इंग्रजी, हिंदी, मराठी मिळून साठावर पुस्तकं झाली. दिल्लीत पंडारा रोडवरच्या छोट्या घरात, मोजक्या सामानात, पुस्तकांच्या ढिगात त्यांचा दिवस जाई. शास्त्रीय संगीत आणि महाभारत हे दोन जुने स्नेही सोबत होते. स्वातंत्र्यसैनिकाचं निवृत्तिवेतन त्यांनी घेतलं नाही. माजी खासदाराचंही घेतलं नाही. लेखनाच्या मानधनावर भागवलं. मिळू शकणारा पैसा न घेण्याला त्यांनी कधी मिरवलं नाही, म्हणून ते इथे एका ओळीत सांगून पुढे जायला हवं.

8 जानेवारी 1995 रोजी दिल्लीत अल्प आजारानंतर ते गेले. वय 72.

पुण्यात किंवा मुंबईत त्यांचं नाव आता कुठे ऐकू येतं? समाजवादी मंडळींच्या बैठकांत, जन्मशताब्दीच्या वर्षी निघालेल्या लेखांत. आणि आणखी एका ठिकाणी, जिथे कोणी त्यांना शोधायला जात नाही.

1974 मध्ये दिल्लीतल्या एका पत्रकार परिषदेत लिमयांनी महाराष्ट्राच्या तेव्हाच्या एका मंत्र्यावर आरोप केले. राज्य सरकारने मुंबईच्या सत्र न्यायालयात त्यांच्यावर बदनामीची फिर्याद लावली. फिर्यादच रद्द करा, असं म्हणत ते उच्च न्यायालयात गेले; तिथे सांगितलं गेलं की, हा खटल्यातला मधला आदेश आहे आणि 1973 च्या नव्या फौजदारी संहितेप्रमाणे मधल्या आदेशाविरुद्ध दाद मागता येत नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं. 31 ऑक्टोबर 1977 ला, म्हणजे लिमये सत्ताधारी पक्षाचे सरचिटणीस असताना, निकाल लागला. न्यायालयाने म्हटलं की, पूर्ण अंतिमही नाही आणि निव्वळ मधलाही नाही असा आदेशांचा तिसरा प्रकार असतो. आणि कायद्याच्या प्रक्रियेचा गैरवापर होत असेल तिथे हस्तक्षेप करण्याचा उच्च न्यायालयाचा अंगभूत अधिकार 482 व्या कलमाखाली शाबूत आहे.

तेव्हापासून ज्याच्यावर सुडाने किंवा चुकीने फौजदारी खटला लादला गेला आहे असा माणूस, मग तो नागपूरचा दुकानदार असो, औरंगाबादचा शिक्षक असो की पाटण्यातली सून असो, उच्च न्यायालयाच्या पायऱ्या चढतो तेव्हा त्याच्या वकिलाच्या कागदपत्रांत हा निकाल असतो. 1 जुलै 2024 पासून जुनी संहिता गेली, 482 चं 528 झालं, पण तो आधार बदलला नाही. दुपारच्या वेळी, पंखे फिरत असताना, तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाचं प्रकरण पुकारलं जातं. एखादी तरुण वकील उभी राहते, गाऊन सावरते, खुणेची चिठ्ठी लावलेलं पान उघडते आणि म्हणते, ‘मिलॉर्ड, मधु लिमये विरुद्ध महाराष्ट्र राज्य.’ न्यायाधीश मान हलवतात. मागच्या बाकावर तिचा अशील बसलेला असतो. हे मधु लिमये कोण, हा प्रश्न त्याच्या मनात येत नाही. आपलं प्रकरण ऐकून घेतलं जातंय, एवढंच त्याला समोर दिसत असतं.